नसीबाने काम सोडलं नाही

अल हैल, मस्कत, ११ सप्टेंबर २०२५

चि. जितेश,

'चिरंजीव' लिहायची हाताला सवय आहे म्हणून लिहिलं. फार मनावर घेऊ नकोस.

तू माझा नंबर ब्लॉक केलास. सख्ख्या थोरल्या बहिणीला ब्लॉक करणारा ऑपरेशन्स मॅनेजर मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणून हा कागद. नुमानभाई उद्या ऑफिसची कपाटं ट्रकात घालून सलालाला निघतायत, त्यांच्या हाती देते आहे. "बाय, साहेबांच्या हातात देऊ का टेबलावर ठेवू?" असं त्यांनी विचारलं. म्हटलं, हातात द्या, आणि तोंड कसं होतं ते बघून या.

ऑफिस सलालाला हलवतोय हे सांगायला गेल्या महिन्यात हॉटेलात घेतलेली तुझी सभा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. 'डिअर फॅमिली' म्हणून सुरुवात केलीस. मग पडद्यावर सलालाचा खरीफ, म्हणजे तिथला पावसाळा: धुकं, हिरवे डोंगर, धबधबे, रस्त्याकडेला शहाळीवाले. समोर बसलेले निम्मे लोक रत्नागिरी-रायगडचे. त्यांना तू नारळाचं झाड दाखवून भुलवत होतास. तू स्वतः गुहागरचा. माडावर चढता आलं नाही म्हणून काकांनी तुला कधी हाक मारली नाही, तो तू. मला हसू आवरेना. पुढच्या रांगेत बसले होते म्हणून रुमाल तोंडाला लावला.

आणि मग तो फॉर्म. त्यात दोनच चौकोन. एकात 'मी एक तारखेपासून सलालाला रुजू होईन', दुसऱ्यात 'मी स्वेच्छेने राजीनामा देत आहे'. तिसरा चौकोन नाही. मस्कतहून सलाला म्हणजे हजार किलोमीटर, मधे नुसतं वाळवंट, आणि तू म्हणतोस, "रोज बस आहे, ताई." बस तर गुहागरहून मुंबईलाही रोज आहे. म्हणून कुणी रोज जाऊन येतं का?

माझा फॉर्म तू इथली आवराआवर संपेपर्यंत बाजूला ठेवलास; बाकी सगळ्यांनी कुठे ना कुठे खूण केली. आपल्या लोकांना पर्याय काय असतो? व्हिसा कंपनीच्या हातात. एकट्या नसीबाने पेन खाली ठेवलं. ती इथलीच, ओमानी; अकरा वर्षं आपल्या अल् खुवैरच्या ऑफिसात काम केलेली बाई. जहाजांना दोर आणि साखळ्या पुरवायच्या म्हणजे कस्टम्सच्या अरबी कागदांची कटकट. ती सगळी तिने सांभाळली. नवरा यासिर इथल्या सीबच्या मासळी बाजारात, पोरी तिथल्या शाळेत, सासू अंथरुणाला. ती तुला शांतपणे म्हणाली, "मी सलालाला जाऊ शकत नाही. आणि मी काम सोडतही नाहीये. काम उठून चाललंय."

तू म्हणालास, "खूण केली नाही तर एक तारखेपासून राजीनामा धरला जाईल."

मी तेव्हा म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, की न दिलेला राजीनामा धरता येत नाही, तो काय गुडघा आहे, आपोआप धरायला? लोक हसले. तुझे कान लाल झाले. त्या दुपारपासून माझे मेसेज तुला पोचत नाहीत.

तुझ्या सहायकाने काल फोनवर विचारलं की नसीबा ऑफिसच्या आसपास दिसते का. मी नाही म्हणून सांगितलं. तुलाही तेच सांगते. मी इथली आवराआवर करते आहे, बाकी मला काही ठाऊक नाही.

ताई


अल हैल, २८ सप्टेंबर २०२५

जितेश,

नुमानभाई परत आले. सांगत होते, पत्र घेतलंस, वाचलं नाहीस, खिशात घातलंस आणि ट्रकमधल्या कपाटांवर ओरडलास. म्हणजे घरी जाऊन वाचलंस. लहानपणी प्रगतिपुस्तक असंच खिशात घालायचास.

नसीबाचा अर्ज नाकारला गेला. तुला कळलं असेलच, पण काय नाकारलं गेलं ते तुला कळलंय का याची मला शंका आहे, म्हणून सांगते. इथल्या माणसांसाठी सरकारी फंड आहे. पगारातून दर महिन्याला थोडं कापून जातं. नोकरी गेली तर दुसरी मिळेपर्यंत काही महिने त्यातून घर चालतं. अट अशी की नोकरी गेलेली असली पाहिजे, सोडलेली नव्हे. आपल्यासारख्यांना त्यातलं काही नाही, आपल्याला परतीचं तिकीट. पण तिला आहे, तिने अकरा वर्षं त्यात भरलंय. आणि तुझ्या ऑफिसाने तिच्या नावापुढे लिहिलं, 'एक सप्टेंबर, स्वेच्छेने राजीनामा'. संपला विषय.

ती आणि यासिर काल माझ्याकडे आले होते. यासिरची पाठ पुन्हा धरली आहे, बाजारात टोपल्या उचलता येत नाहीत. तो नुसता चहाच्या पेल्याकडे बघत होता. नसीबाने तुझं नावही घेतलं नाही. मलाच विचारलं, "हजार किलोमीटर लांब गेले ते. मग राजीनामा मी कसा दिला?"

मला वाटलं होतं यात कंपनीचा पैसा वाचत असेल. तसंही नाही, देणारा फंड आहे. मग खटाटोप कशाला? आकांक्षाने सांगितलं. तुझी बायको सरळ आहे, तिला लपवता येत नाही. अर्बाबसमोर, म्हणजे मालकासमोर, तू सलालाला जो अहवाल ठेवलास, त्यात एक रकाना होता: 'स्थलांतरामुळे कामावरून काढलेले'. त्याखाली तुला शून्य लिहायचं होतं. गोल, देखणं. नसीबाला काढलं असं लिहिलं तर तिथे एक आला असता, आणि शिवाय इथल्या माणसाला का काढलं म्हणून चार प्रश्न विचारले गेले असते.

एका शून्यासाठी, जितेश! मी तुला लबाड समजत होते. तू लबाडसुद्धा नाहीस. लबाडाला निदान काहीतरी मिळवायचं असतं.

आकांक्षा कशाला आली होती ते तू जाणतोसच. तूच पाठवलंस. तिच्या पर्समध्ये टाइप केलेला कागद होता. मी, प्रभावती, लिहून देते की नसीबा एक सप्टेंबरनंतर ऑफिसात आली नाही आणि तिने आपणहून नोकरी सोडली. नसीबाने त्या निर्णयाविरुद्ध तक्रार केली आहे, तिथे तो लागेल. आकांक्षा म्हणाली, "ताई, यांनी तुमच्यासाठी मस्कतला एक जागा काढून ठेवली आहे. लिएझन म्हणून, सरकारी कचेऱ्यांतल्या कामांसाठी. तुमचा व्हिसा राहील. फक्त एवढी सही." मग जरा थांबून म्हणाली, "मला यातलं काही आवडत नाहीये, पण घरात शांतता हवी."

कागद माझ्याकडे आहे. सही केलेली नाही. करणार नाही असंही अजून लिहीत नाही. मी बावन्न वर्षांची आहे. या वयात कोण नवीन व्हिसा देतं?

ताई


अल हैल, १७ ऑक्टोबर २०२५

जितेश,

सही केली नाही. कागद परत पाठवते आहे, सोबतच आहे. त्यात 'स्वेच्छेने'चा 'स्वे' चुकला आहे. कुणाकडून लिहून घेतलास?

आता पहिल्या पत्रात मी जे लिहिलं होतं ते खोडते. नसीबा एक तारखेनंतर रोज ऑफिसात आली.

पहिल्या दिवशी मी पोचले तेव्हा ती पायऱ्यांवर बसली होती. अबाया नीट आवरून, डबा शेजारी. दाराचं कुलूप तू बदलून घेतलं होतंस, किल्ली माझ्याकडे होती, आणि तुझा हुकूम होता की तिला आत घ्यायचं नाही. ती म्हणाली, "मी कामावर आले आहे." सप्टेंबरचं ऊन, पायरीचा दगड तापलेला. मी कुलूप काढलं. ती आत येऊन पाणी प्यायली आणि तिने विचारलं, काय काय बांधायचं राहिलंय?

त्यानंतर महिना संपेपर्यंत आम्ही दोघींनी ते ऑफिस खोक्यांत बांधलं. सलालाला तुझ्या टेबलावर जी कस्टम्सची फाइल आहे, रंगीत चिठ्ठ्या लावलेली, जिच्याबद्दल तू मला 'गुड जॉब' असा ई-मेल केलास, ती तिने लावली आहे. त्या चिठ्ठ्यांवरचं अरबी अक्षर माझं नाही हे तुला कळायला हवं होतं. मला अरबीत 'खलास' आणि 'इन्शाल्ला' यापलीकडे काही लिहिता येत नाही. पण तू वाचतोस कुठे? तू फक्त फॉरवर्ड करतोस.

म्हणजे तुझ्या कागदानुसार जिने नोकरी सोडली होती, ती तुझंच काम करत होती. पगाराशिवाय. मी हे सगळं लिहून नसीबाच्या तक्रारीला जोडायला दिलं आहे. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे, मला बोलावतील.

लिएझनची जागा तू कुणालाही दे. कुणी नाही मिळालं तर खुर्ची रिकामी ठेव, फोटोत चांगली दिसेल.

आणखी एक. मी हे रागाने केलं असं तू आईला सांगशील. राग यायला समोर कुणीतरी असावं लागतं.

दिवाळी तोंडावर आहे. फराळ नुमानभाईंबरोबर पाठवला आहे, तो नुमानभाईंसाठीच आहे.

प्रभावती


अल हैल, १३ नोव्हेंबर २०२५

जितेश,

काल सुनावणीत तू टेबलाच्या त्या बाजूला बसला होतास, तरी लिहिते आहे, कारण तू एकदाही मान वर केली नाहीस. विमानाने आलास, नवा कोट घातलास, कंपनीचा वकील घेऊन आलास, आणि पूर्ण वेळ फोनच्या काळ्या पडद्याकडे बघत बसलास. फोन बंद होता. मला दिसत होतं.

तू काय ऐकलंस आणि काय नाही, देव जाणे. म्हणून मी जे ऐकलं ते लिहून ठेवते.

तुझा वकील चांगला बोलला. कंपनीने कुणालाही काढलं नाही, काम दिलं, पगार तोच दिला, जागा फक्त बदलली, बाईंनी नकार दिला, नकार म्हणजे राजीनामा. तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याने, पिकल्या दाढीचा, हळू बोलणारा माणूस, नसीबाचा करार उघडला आणि त्यातली एक ओळ बोटाने दाखवली. कामाचं ठिकाण: मस्कत. वकील म्हणाला की व्यवसायाच्या गरजा बदलतात. अधिकारी म्हणाला, "बदलतात. तिने त्या बदलल्या का?"

मग मला विचारलं. माझी अरबी बाजारातली, इंग्रजी ऑफिसातली. दोन्ही मिसळून बोलले.

"ही एक तारखेनंतर आली होती?"

"रोज."

"दार कुणी उघडलं?"

"मी."

"कंपनीने सांगितलं होतं?"

"कंपनीने उघडू नका म्हणून सांगितलं होतं."

"मग का उघडलं?"

मी म्हटलं, "ती कामावर आली होती. कामावर आलेल्या माणसाला उन्हात बसवून मी आत एसीत कशी बसू?"

वकिलाने लगेच मला धरलं. मी कंपनीशी खोटं बोलले, नसीबा दिसत नाही असं फोनवर सांगितलं, मग माझ्यावर विश्वास का ठेवायचा? मी म्हटलं, हो, खोटं बोलले. खरं सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी माझ्याकडची किल्ली काढून घेतली असती. अधिकाऱ्याने ते लिहून घेतलं. माझ्या पायाला घाम सुटला होता, हे तुला सांगायला हरकत नाही, तू काही माझ्या पायांकडे बघत नव्हतास.

आणि मग तो तुझ्याकडे वळला. काही डाव नव्हता त्याचा. नोंदीसाठी नाव आणि राहायचा पत्ता विचारला, सगळ्यांना विचारला तसाच.

तू म्हणालास, "अल् खुवैर."

त्याने पेन थांबवलं. "कंपनी सलालाला आहे ना?"

"मी तिथेच असतो. फॅमिली इथे आहे."

"का?"

"मुलांची शाळा. वर्षाच्या मधे हलवणं योग्य नव्हतं."

तुझ्या वकिलाने चष्मा काढून पुसला. नसीबाने पहिल्यांदा तुझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिला तुझी कीव आली. मला आली नाही. तुझे बंटी आणि प्रियांका मस्कत सोडून जाऊ शकत नाहीत, कारण त्यांचं वर्ष बुडेल. बरोबर आहे. बापाने असाच विचार करावा. पण नसीबाच्या पोरींची शाळा म्हणजे तुला काय वाटलं, जत्रेतला तंबू, कुठेही उभा करता येतो?

अधिकारी फक्त "बरं" म्हणाला आणि पत्ता लिहून घेतला. मला तुझी लाज वाटली. एवढ्या लोकांत तुझं आणि माझं आडनाव एकच होतं.

बाहेर आल्यावर तू म्हणालास, "ताई, तू माझं करिअर संपवलंस." तीन महिन्यांनी पहिलं वाक्य, आणि ते हे. मी पार्किंगमध्ये गाडी शोधत होते, म्हणून उत्तर दिलं नाही. गाडी सापडल्यावर सुचलं, पण तोवर तू निघून गेला होतास. असो.

प्रभावती


अल हैल, ८ डिसेंबर २०२५

जितेश,

माझं पत्र मिळालं. म्हणजे कंपनीचं, तुझ्या सहीचं. 'पुनर्रचनेत आपलं पद रद्द झालं आहे.' निदान मला काढलंस असं लिहिलंस, राजीनामा धरला नाहीस. सुधारणा आहे.

आईचा फोन आला होता. तिला तू सांगितलंस की ताईने अरबांच्या कोर्टात माझ्याविरुद्ध साक्ष दिली. ते कोर्ट नव्हतं, पण आईला काय.

"प्रभा, तू जित्याच्या विरुद्ध बोललीस?"

"नाही. नसीबाच्या बाजूने बोलले."

"म्हणजे तेच ना गं?"

"तेच नाही, आई."

"तो रडत होता फोनवर."

"त्याला येतं ते."

आई मग म्हणाली, "ती बाई कोण लागते तुझी?" मी म्हटलं, कुणी नाही. आईने "बरं" म्हटलं आणि विचारलं की मी जेवले का. तिच्याकडून एवढं पुरे आहे. तिला आपण दोघे हवे आहोत आणि मी तिला दोष देत नाही. तू मात्र त्या म्हातारीच्या कानाला सारखा फोन लावून रडू नकोस. चाळिशी उलटली तुझी.

मी जाते आहे. आकांक्षाला वाटतंय गुहागरला. नाही. नुमानभाईंनी सोहारच्या एका यार्डात माझं नाव सांगितलं होतं, क्रेनच्या साखळ्या आणि हुक तपासून दुरुस्त करणारे लोक आहेत. मुलाखतीला गेले तर मालकाने साखळीच्या कडीवरचे शिक्के वाचायला लावले. मी वाचले. त्याने विचारलं, "इथे राहावं लागेल, रोज मस्कतहून जमणार नाही. चालेल का?" मी एक दिवस मागितला. दुसऱ्या दिवशी हो म्हटलं.

दोनशे किलोमीटर. अल हैलमधली घराची जागा सुटते आहे, समुद्राकडची खिडकी सुटते आहे, शनिवारी जमणाऱ्या बायका सुटतायत. मला वाईट वाटतंय, आणि तरी मी जाते आहे, कारण मला विचारलं. तुझ्या सगळ्या स्लाइड्समध्ये एवढी एकच गोष्ट नव्हती.

पगार कमी आहे. तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं.

प्रभावती


सोहार, २२ जानेवारी २०२६

जितेश,

परवा आकांक्षाचा फोन आला. निकाल लागणार म्हणून तुला झोप नाही म्हणे. अर्बाब काय म्हणेल, बाजारात नाव खराब होईल, दुसरी कंपनी घेणार नाही. मला म्हणाली, "ताई, तुम्हाला कळलं तर यांना कळवाल का? विचारायची त्यांची हिंमत नाही." तिचा आवाज थकलेला होता. तिच्यासाठी लिहिते आहे.

निकाल लागला. काल नसीबा आणि यासिर तो दाखवायला इथवर आले. यासिर पाठीला पट्टा बांधून गाडी चालवत आला, पोरी मागे बसून वेफर्स खात होत्या. नसीबाने दारातच कागद उघडला आणि मला वाचून दाखवला, मग पुन्हा एकदा वाचला, सावकाश, इंग्रजीत सांगत सांगत. 'अकरा वर्षं' हे शब्द तिने मला बोटाने दाखवले. राजीनामा झालेला नाही. नोकरी गेलेली आहे. पैसे मिळतील, मागच्या महिन्यांचेसुद्धा. काम शोधत राहायचं, ती शोधते आहेच. पोरींनी माझ्या नव्या स्वयंपाकघरातली सगळी भांडी बाहेर काढली. यासिरने सुरमई आणली होती. मी आपल्या पद्धतीने आमसूल घालून कालवण केलं, त्याला आंबट लागलं, तरी त्याने दोनदा घेतलं.

ते गेल्यावर मी तिने ठेवलेली प्रत घेऊन बसले. शेजारच्या ऑफिसातल्या मुलीकडून एकेक शब्द समजून घेतला, कारण मला तुझ्याबद्दल काय लिहिलंय ते बघायचं होतं. मीही त्याच घरातली आहे.

सगळा मिळून अर्धं पानही नाही. नसीबाचं पूर्ण नाव आहे, वडिलांचं आणि आजोबांचं धरून. कंपनीचं नाव आहे. मस्कत आहे, सलाला आहे, मधलं अंतर आहे. 'ऑफिसातील एका महिला सहकाऱ्याने दार उघडले' असं माझ्याबद्दल आहे. मी ते दोनदा वाचून घेतलं.

तू नाहीस. तुझं नाव नाही, पद नाही, सही नाही, तुझा पत्तासुद्धा नाही. मी तिला पुन्हा पहिल्यापासून बघायला लावलं. ती म्हणाली, "आंटी, कुणाला शोधताय?"

मी म्हटलं, कुणाला नाही.

तेव्हा झोप.

प्रभावती